कासचें पठार आणि सांगलीची वाकळ

सातारा व सांगली हीं दोन्ही शहरें कृष्णेच्या खोऱ्यांतील. परंतु त्यांच्या भूमींत मोठा फरक आहे. साताऱ्याच्या पाठीशीं सह्याद्रीचे माथे उभे आहेत, तर सांगलीच्या भोंवतीं काळ्या मातीचीं सपाट शेतें पसरलीं आहेत. अन्यत्र जिला गोधडी म्हणतात ती वाकळ मात्र दोन्हीकडे घरोघर आढळते. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेच्या महापुराचें पाणी सांगलीच्या गांवभागांत शिरलें, तेव्हां आमच्या आत्याबाईंच्या घरांतील तीन पिढ्यांच्या वाकळा चिखलांत गेल्या. माळ्यावरच्या ट्रंकेंत होतीं म्हणून आमच्या आजीचीं दोन जुनेरें तेवढीं वांचलीं. आत्याबाईंचें माहेर साताऱ्याचें. त्या जुनेरांची एक वाकळ शिवून घ्यावी व तिच्यावर कासच्या पठाराचें रूप उतरवावें, असें घरांत ठरलें. आणि पुढें एका भाद्रपदांत आम्ही त्यासाठीं कासला गेलों.

हें पठार साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारें १,२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ मध्यें युनेस्कोनें पश्चिम घाटांतील ३९ स्थळांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कासहि आहे. लांबून पाहणारास येथें केवळ रंग दिसतो. वांकून पाहणारास भूमीचें दारिद्र्य दिसतें. तळाशीं जांभ्याचा खडक, आणि त्यावर कोठें चार बोटें तर कोठें बोटभर माती. मोठ्या वृक्षानें मूळ रोवावें कोठें? म्हणून येथें सारा संसार बुटक्या रोपांचा. ‘सीतेचीं आसवें’ हें इवलेंसें निळें-जांभळें फूल. मातींत पोषण तुटपुंजें म्हणून त्याचें रोप ओल्या मातींतल्या सूक्ष्म पिशव्यांनीं जीवजंतु पकडून उदरनिर्वाह करतें. वायतुऱ्याच्या तर शास्त्रीय नांवांतच सातारा आहे. टोपली कारवी सात वर्षें थांबते, तेव्हां एकदां सारी फुलून येते.

येथें फूल तोडण्यास मनाई आहे, आणि तें योग्यच होय. आम्हीं बरोबर चिंध्यांचें गांठोडें नेलें होतें. पायवाटेवर उभें राहून एकेक चिंधी फुलासमोर धरावी, आणि जुळली कीं वेगळी बांधावी, असा आमचा क्रम चालला. तेरड्याच्या गुलाबी रंगास जुन्या चोळीचा खण जुळला. सोनकीच्या पिवळ्यास एका पोलक्याची बाही. पांढऱ्या गेंदांसाठीं धोतर होतेंच. जांभ्याचा विटकरी रंग मात्र कोणत्याहि नव्या कापडांत सांपडेना. तो सांपडला आजीच्या जुनेरांत, शेंकडों धुण्यांनीं फिकट झालेल्या अंगांत.

त्या वेळीं एका गुराख्यानें सांगितलेली गोष्ट ध्यानांत राहिली. पठारावर गुरें चरलीं नाहींत तर गवत माजतें आणि लहान फुलांचें ऊन हिरावलें जातें, असें तो म्हणाला. अभ्यासकांपैकींहि कांहींचें तेंच मत आहे.

साताऱ्याहून सांगलीस जाणारा मार्ग कृष्णेच्याच सोबतीनें जातो. माहुलीस तिला वेण्णा मिळते, कराडास कोयना. सांगलीजवळ हरिपुरास वारणा येऊन मिळते. १९२९ सालच्या आयर्विन पुलावरून तें संथ पाणी पाहिलें म्हणजे यानेंच घरोघरच्या वाकळा नेल्या हें खरें वाटत नाहीं.

वाकळ शिवावयास आलेल्या मावशी साठी उलटलेल्या होत्या. त्यांनीं प्रथम सारीं कापडें धुववून त्यांतील खळ काढविली. मग सोप्यांत एक जुनेर ताणून पसरलें, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, अडकित्ता असें जें हातीं लागेल तें वजन ठेवलें. त्यावर विरलेल्या कापडांचे थर दिले, आणि सर्वांवर विटकरी जुनेर आलें. यांत कापूस नाहीं. थरावर थर हीच वाकळेची ऊब. मग कांठापासून धावदोरा सुरू झाला व चौकोनांत चौकोन घेत मध्याकडे सरकूं लागला. प्रत्येक टांक्यागणिक दोरा किंचित् ओढला जाई, आणि सपाट कापडावर बारीक लाटा उठत. टांके दाट पडले तेथें कापड खडकासारखें खरबरीत झालें. विरळ पडले तेथें शेवाळासारखें फुगलें. फुलांच्या चिंध्या बोटाच्या पेराएवढ्या कापून, कडा दुमडून, लाटांच्या खळग्यांतच बसविल्या. कासलाहि फुलें खडकाच्या खळग्यांतच दाटतात.

हल्लीं नऊवारी सुती लुगडें नेसणाऱ्या स्त्रिया थोड्या उरल्या, त्यामुळें जुनेरें दुर्मिळ झालीं. कृत्रिम धाग्याचीं पातळें कितीहि धुतलीं तरी मऊ पडत नाहींत, घाम शोषीत नाहींत. त्यांवर धावदोऱ्याची लाटहि नीट उठत नाहीं. ही कला शिकणारे हात मिळतीलहि. पण पन्नास वर्षें अंगावर झिजलेलें कापड आणावयाचें कोठून?

वाकळ पुरी होतांच घरांतील तरुण मंडळींनीं ती कांचेच्या चौकटींत बसवून भिंतीवर लावण्याचा बेत केला. मावशी सुई ठेवून आत्याबाईंकडे पाहत म्हणाल्या, “आक्का, भिंतीला थंडी वाजती व्हय? पोरीच्या अंगावर घाला. आठ दिसांनी उन्हात टाका, म्हंजी टिकंल.” आत्याबाईंनीं कांहीं न बोलतां वाकळेची घडी केली आणि ती नातीच्या अंथरुणावर नेऊन ठेवली. आम्हांस पठारावरचा गुराखी आठवला.

आमच्या वाचक भगिनींस एवढीच विनंती कीं, पुढच्या वेळीं बोहारीण दारांत येईल तेव्हां भांड्याच्या मोहानें आजीचें सुती लुगडें तिच्या गांठोड्यांत जाऊं देऊं नये. भांडें बाजारांत केव्हांहि मिळतें.