थांबायची मुभा

वाशीम जिल्ह्यातल्या पोरांना पोहणं, सायकल चालवणं आणि पळणं शिकवावं लागत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. पाठीला डबा बांधून ती विहिरीत पोहायला शिकतात. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर मुली आठवीपासून शाळेत येतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्याच्या कडेनं पळताना रोज दिसतात. मग या तिन्ही गोष्टी एकापुढे एक जोडल्या की झाली ट्रायथलॉन, असं मी धरून चाललो. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका शाळेत मी तेव्हा क्रीडाशिक्षक होतो. या समजुतीपायी झालेल्या चुका माझ्या होत्या आणि त्या भोगल्या मुलांनी, म्हणून त्या लिहून ठेवतो आहे.

सुरुवात अंतरापासूनच चुकली. ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आली ती 2000 साली, सिडनीला. तिथलं अंतर दीड किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर पळणं. त्याच्या निम्मं, म्हणजे 750 मीटर, 20 किलोमीटर आणि 5 किलोमीटर, हे ज्युनिअर गटाचं अंतर. हा तक्ता मला मिळाला आणि मी तो सातवी-आठवीच्या मुलांना लावून टाकला. ज्युनिअर म्हणजे 16 ते 19 वर्षांचे खेळाडू, हे मी नीट वाचलंच नव्हतं. त्याहून लहान मुलांना काहीशे मीटर पोहणं, थोडी सायकल आणि जेमतेम मैदानाला दोन-चार फेऱ्या एवढंच पुरतं. माझ्याकडे मात्र हाडापेरानं मोठी असलेली मोजकी पोरं शेवटपर्यंत पोचायची. बाकीची अर्ध्यात बसायची आणि हा खेळ आपला नाही असं ठरवून घरी जायची. ती परत आली नाहीत तेव्हा त्यांच्यात जिद्द नाही, असं मी शिक्षकांच्या खोलीत बोलून दाखवलं होतं. ते वाक्य मला आजही टोचतं.

जिद्दीवर माझा फार भर होता. सिडनीत पुरुषांची पहिली ट्रायथलॉन कॅनडाच्या सायमन व्हिटफिल्डनं जिंकली. सायकलच्या टप्प्यात पुढे पडझड झाली, तो तिच्यात अडकून मागे राहिला, आणि पळताना एकेकाला गाठत त्यानं सुवर्णपदक घेतलं. ही गोष्ट मी मुलांना सतत सांगायचो. गोष्ट खरी आणि सुंदरच आहे. पण कोणी दमून उभं राहिलं की मी ती सांगायचो, त्यामुळे मुलांच्या कानावर ती चाबकासारखी पडत होती.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी लागते. एक मुलगा त्या आठवड्यांत कधी यायचा, कधी नाही, आणि आला तरी पाय ओढत पळायचा. मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. तो काही बोलला नाही. नडगी दुखते हे त्यानं लपवलं, आणि लपवलेलं दुखणं वाढून पुढे त्याला बराच काळ पळता आलं नाही. नंतर त्याच्या बापाकडून कळलं, पोरगा पहाटेपासून वावरात वाकून सोंगणी करायचा आणि तिथूनच सरावाला यायचा. माझ्या वहीत त्याचे किलोमीटर होते, सोंगणीचे तास नव्हते. शरीर मात्र दोन्हींचा हिशेब एकाच खात्यात ठेवतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला हे कुणी सांगायची गरज पडायला नको होती.

सगळ्यात मोठी चूक पाण्यात झाली.

एकबुर्जी धरणाचं पाणी वाशीमच्या नळांना जातं, तिथे पोरं उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. मी गावाजवळचा पाझर तलाव निवडला. ट्यूब घेतलेले दोन पट्टीचे पोहणारे पाण्यात ठेवले, एवढीच काय ती सोय. होडी नव्हती, बोया नव्हता. विहिरीत पोहणारं पोर तलावात पोहेल असं मी गृहीत धरलं. विहिरीत चार हातांवर कपार असते, डोकं वर ठेवून पोहलं तरी चालतं, दिशा शोधावी लागत नाही. तलावात मधोमध गेलं की धरायला काहीच नाही, खाली हिरवट अंधार आणि पलीकडचा काठ सरकता सरकत नाही. आठवीतली एक मुलगी, विहिरीत सूर मारणारी, मध्यावर थांबली आणि उताणी झाली. मी काठावरून ओरडलो, "थांबू नको! हात मार!" ट्यूबवाला तिच्यापर्यंत पोचला, ती सुखरूप बाहेर आली. तिचे दात वाजत होते. आणि मी तिला म्हणालो, "अर्धं तर झालंच होतं."

ती सरावाला यायची थांबली. मी घरी गेलो तेव्हा तिची आई दारातच म्हणाली, "सर, तुमी काठावर होते. पोरगी पान्यात होती."

त्यानंतर मी नियमांचं पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं. त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की पोहण्याच्या टप्प्यात खेळाडू तळाला पाय टेकून उभा राहू शकतो, बोयाला किंवा थांबलेल्या होडीला धरून दम घेऊ शकतो. त्यांच्या आधारानं पुढे मात्र सरकायचं नाही. मदत लागली तर हात वर करायचा. म्हणजे ती मुलगी घाबरून उताणी झाली तेव्हा तिनं शंभर टक्के बरोबर केलं होतं. चुकीचं ओरडत होतो तो मी.

तलाव बंद केला. पाण्याशिवाय जमतं ते आधी घेतलं, म्हणजे ड्युएथलॉन: पळणं, सायकल, पुन्हा पळणं. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो, पण त्याच्यावर सायकलला बंदी, आणि बाकीच्या मोठ्या रस्त्यांवर ट्रकांची वर्दळ. म्हणून शेतरस्ता धरला. शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेघा मारून ट्रान्झिशनची, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जायची, जागा आखली. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, रेघेच्या पुढे गेल्यावरच बसायचं. कबड्डीत ज्याला कोणी आपल्याकडे घेत नसे असा एक अबोल मुलगा इथे सगळ्यांत तरबेज निघाला. बूट कुठे, हेल्मेट कसं उलटं ठेवायचं, सायकल कोणत्या गिअरवर लावून ठेवायची, हे तो बाकीच्यांना शिकवू लागला. एखाद्या मुलाचा आवाज असा मोठा होताना मी आधी पाहिला नव्हता.

पोहण्यासाठी सुट्टीत कारंज्यावरून एसटीनं अमरावतीला जायचं ठरवलं. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पोहण्याचा तलाव तिथे आहे. 1914 साली वैद्य बंधूंनी उभी केलेली ही संस्था. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकानं आपले देशी खेळ तिथे दाखवले होते. पोरं त्या आवारात शिरली की आपोआप ताठ चालायची. तिथे मी आधी शिकवलं ते थांबणं. उताणं व्हायचं, श्वास मोजायचा, दोरीला धरायचं, हात वर करायचा आणि मग वाटलं तरच पुढे निघायचं. ज्यांना थांबता येऊ लागलं त्यांचं थांबणं आपसूक कमी होत गेलं. ओरडून जे माझ्यानं झालं नव्हतं ते असं झालं.

तलावातली ती मुलगीही काही काळानं आली, आईला सोबत घेऊन. आई काठावर बसली, मी पाण्यात उतरलो.

नडगी दुखावलेला मुलगा पुढच्या सोंगणीत माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आज वावरात लय काम झालं. मी नुसती सायकल चालवतो, पळत नाही." एक वर्षाआधी हाच मुलगा माझ्यापासून दुखणं लपवत होता. आत्मविश्वास म्हणजे छाती पुढे काढून शेवटपर्यंत धावणं, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो होतो. मोठ्या माणसासमोर स्वतःच्या शरीराबद्दल खरं बोलता येणं हे त्याच्या कितीतरी आधी लागतं. सरावाच्या पुढच्या आखणीत कोणता टप्पा आपला आणि कोणता कच्चा, हे मुलं स्वतःच सांगू लागली. या खेळात प्रत्येकाचा एक टप्पा कच्चा असतोच, त्यामुळे ते सांगायची कुणाला लाज वाटेनाशी झाली.

पुढे जिल्ह्याबाहेरच्या एका स्पर्धेसाठी नावं द्यायची होती. त्या मुलीनं ट्रायथलॉनच करावी असं मला मनापासून वाटत होतं, पोहणं आता तिचं चांगलं झालं होतं. तिनं यादी हातात घेतली, वाचली आणि म्हणाली, "यंदा ड्युएथलॉन, सर. तलावाचं पुढच्या वर्षी पाहू." मी कारण विचारलं नाही. ड्युएथलॉनच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं, आणि तिच्या मापाचं हेल्मेट आमच्याकडे नव्हतं म्हणून दुसऱ्या दिवशी वाशीमला जाऊन ते आणलं.