कांती आणि वर्ण

संस्कृत भाषेत वर्ण आणि कांती हे दोन शब्द निरनिराळे आहेत, ही गोष्ट कोश उघडणाऱ्या कोणाच्याही ध्यानात येईल. परंतु आपल्या घराघरांतून चालणाऱ्या बोलण्यात या दोहोंची अशी काही गल्लत होऊन बसली आहे की, 'मुलीच्या तोंडावर तेज आहे' असे म्हणावयाचे असता आपण 'मुलगी उजळ आहे' असे म्हणून मोकळे होतो. वर्ण म्हणजे रंग. तो जन्माबरोबर येतो. कांती हा शब्द 'कम्' म्हणजे इच्छिणे या धातूपासून निघालेला आहे. जी पाहून मनाला हवीशी वाटते ती कांती. आणि ती आहार, निद्रा, आरोग्य व चित्ताची प्रसन्नता यांवर पुष्कळशी अवलंबून असते.

चरकाचार्यांनी तर हा विषय फारच बारकाईने पाहिला आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात शरीराचे स्वाभाविक वर्ण चार सांगितले आहेत : कृष्ण, श्याम, श्यामावदात आणि अवदात. म्हणजे काळा, सावळा, सावळ्यातून उजळलेला व गोरा हे चारही वर्ण प्रकृतीचेच होत, विकृतीचे नव्हेत. विकृतीच्या वर्णांची यादी आचार्यांनी निराळी दिली असून तीत नीळा, तांबडा, हिरवा यांच्या जोडीला पांढराफटक वर्णही बसविला आहे! पुढे त्याच स्थानात छाया आणि प्रभा यांचा भेद सांगताना ते म्हणतात की, छाया वर्णाला झाकते आणि प्रभा वर्णाला प्रकाशित करते. प्रभा वर्ण बदलीत नाही, असलेलाच वर्ण उजळून दाखविते, हे आमच्या वाचकांनी कृपा करून ध्यानात ठेवावे. कारण पुढील सारे विवेचन त्यावरच उभे आहे.

या जुन्या गोष्टी आठवण्यास कारण झाली ती एक लहानशी डबी. आमची नात नागपुरास शिकते. मागे सुट्टीत ती वर्ध्यास घरी आली, तेव्हा तिच्या सामानात तपकिरी रंगाच्या पुडीची एक डबी निघाली. तिला 'ब्राँझर' म्हणतात असे कळले. ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू, आपले कासे. ज्या काशाच्या वाटीने आपण तळपाय घासून घेतो, तिचीच झाक तोंडावर आणणारी ही पूड. थोरल्या सूनबाईंनी डबी उघडून पाहिली आणि त्या आम्हांस म्हणाल्या, "मामंजी, लोक गोरे होण्यासाठी काय काय चोळतात, आणि ही पैसे देऊन सावळेपणा विकत आणते! येत्या तुळशीच्या लग्नानंतर हिच्यासाठी स्थळे पाहावयाची आहेत, हे तरी हिने लक्षात घ्यावे."

नात हसून म्हणाली, "काकू, ही रंग बदलण्याची पूड नाही. उन्हातून चालून आल्यावर गालांवर जी ऊब दिसते ना, तेवढीच हिने येते. मला माझ्याच रंगाचे तेज हवे आहे, दुसऱ्या कोणाचा रंग नको."

चरकाचे एक अक्षरही न वाचलेल्या मुलीने प्रभेची व्याख्या सांगावी, याचे आम्हांस कौतुक वाटले, आणि आम्ही या पुडीची अधिक चौकशी केली.

ही वस्तू मूळची युरोपातील. तेथेही पूर्वी गोरेपणाचेच माहात्म्य होते, कारण ज्याला शेतात राबावे लागत नाही तोच गोरा राहू शके. पुढे कारखान्यांचा काळ आला, मजूर छपराखाली गेला, आणि समुद्रकाठी ऊन खात पडणे हे सुखवस्तूपणाचे लक्षण ठरले. १९२० नंतरच्या दशकात उन्हाने तपकिरी झालेली त्वचा तिकडे प्रतिष्ठेची झाली. १९८४ साली पॅरिसच्या गेर्लाँ या पेढीने 'टेराकोटा', म्हणजे भाजलेली माती, या नावाची पूड काढली. तिच्यामुळे हा प्रकार घरोघर पोचला. पुडीचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. कातडी उन्हात भाजून घेण्यापेक्षा ती निरुपद्रवी आहे. कृत्रिम किरणांनी अंग तपकिरी करणारी यंत्रे कर्करोगाला कारण होतात, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००९ साली दिला आहे. पूड रात्री पाण्याने धुऊन जाते.

आमच्या जिल्ह्यातील वाचकांना यात एक गंमत दिसेल. जे ऊन तिकडे हौसेने मिळवितात, ते हिंगणघाट, देवळीकडच्या शेतांत कापूस वेचणाऱ्या बायांना न मागता मिळते, आणि त्या बिचाऱ्या तोंडाला फडके गुंडाळून त्यापासून बचाव करतात. तात्पर्य, रंगाची प्रतिष्ठा रंगात नसते. तो रंग कोणाच्या अंगावर आहे आणि त्या अंगाला काय काम करावे लागते, हे पाहून लोक ती ठरवितात.

असो. आता ही पूड कशी निवडावी व कशी लावावी, हे नातीकडून आम्ही विद्यार्थ्याप्रमाणे ऐकून घेतले, ते येथे देतो. घरातील मुलींना त्याचा उपयोग होईल.

पूड आपल्या रंगाहून एक किंवा फार तर दोन छटा गडद असावी. ती हातावर लावून पाहू नये, जबड्याच्या कडेवर लावावी, आणि दुकानाच्या दिव्याखाली न पाहता बाहेरच्या उजेडात पाहावी. गव्हाळ रंगाला मधासारखी सोनेरी तपकिरी छटा शोभते. सावळ्या रंगाला विटेसारखी तांबूस झाक असलेली गडद छटा लागते. गोऱ्या कातडीसाठी केलेली फिकी पूड सावळ्या तोंडावर राखेसारखी दिसते, आणि नारिंगी छटेची पूड कोणालाच शोभत नाही. त्वचा कोरडी असेल तर मलईसारखा प्रकार घ्यावा, तेलकट असेल तर कोरडी पूड. आमच्याकडील वैशाखातल्या घामात कोरडीच बरी. दिवसा चमक नसलेली वापरावी. चमकेची असेल तर ती रात्रीच्या समारंभापुरती.

लावण्यापूर्वी ऊनप्रतिबंधक मलम लावून ते मुरू द्यावे, कारण या पुडीने उन्हापासून रक्षण होत नाही. मग मोठा मऊ ब्रश पुडीवर हलकेच टेकवून जास्तीची पूड झटकून टाकावी. सूर्य जेथे आपण होऊन स्पर्श करतो तेथेच ती लावावयाची : कपाळाची कड, गालांची हाडे, नाकाचा दांडा आणि किंचित हनुवटी. कानशिलापासून गालाकडे आणि तेथून जबड्याकडे ३ हा आकडा काढल्यासारखा ब्रश फिरवावा; दुसऱ्या बाजूस तोच आकडा आरशातला. शेवटी मानेपर्यंत ती अशी मिसळून टाकावी की कोठे सुरू झाली व कोठे संपली हे कळू नये. कमी पडली तर पुन्हा लावता येते; अधिक झाली तर चरकाच्या विकृत वर्णांतील ताम्रवर्ण प्राप्त होतो! भाजीतल्या मिठाचा नियम येथेही लागू आहे.

या पुडीतील रंग तरी काय असतो? बहुधा लोहाची भस्मे, म्हणजे ज्यांच्यामुळे गेरू तांबडा आणि पिवडी पिवळी दिसते तीच द्रव्ये. आणि चमकेसाठी अभ्रक. ज्या गेरूने आपण तुळशीवृंदावन सारवितो त्याचेच हे धुतलेले, गाळलेले, शहरी भावंड. म्हणून कोणी अंगणातील गेरू तोंडाला फासू नये. शुद्ध केलेले द्रव्य निराळे आणि बाजारचा दगड निराळा.

खरी भीती या डबीची नाही. भीती आहे ती वेष्टनावर घटकांचे नावही नसलेल्या आणि आठवड्यात गोरे करण्याची हमी देणाऱ्या मलमांची. अशा मलमांत कित्येकदा पारा सापडतो. तो त्वचेतील रंगद्रव्याची उत्पत्ती रोखतो खरा, पण अंगात भिनून मूत्रपिंडांचा नाश करतो. काहींत स्टेरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते, आणि मलम सोडताच तोंड लाल होऊन पुरळ उठते. थोरल्या सूनबाईंनी कोणाच्या सांगण्यावरून असेच एक मलम नातीसाठी मागविले होते. आम्ही वेष्टन उलटून पाहिले. घटक नाहीत, कारखान्याचा पत्ता नाही. ते आम्ही मोरीवर ठेवू दिले नाही.

सूनबाई रागावल्या. दोन दिवस त्या आमच्याशी कामापुरतेच बोलल्या. तिसऱ्या दिवशी चहाचा पेला ठेवताना त्या म्हणाल्या, "मामंजी, मला दोन ठिकाणी रंगावरून नाकारले होते. मुलगी चांगली आहे, पण सावळी, असे निरोप आले होते. दुसऱ्या वेळी आईने जेवण टाकले होते. तुम्ही पुस्तकातले सांगता. मी माझे भोगलेले सांगते."

यावर आम्ही काय बोलणार? त्यांची भीती अडाणीपणाची नव्हती, अनुभवाची होती. १९७५ साली जे प्रसिद्ध गोरेपणाचे मलम निघाले, त्याच्या नावातील 'फेअर' हा शब्द जाण्यास २०२० साल उजाडावे लागले. त्याच वर्षी एका मोठ्या विवाह-जुळणी संस्थेने मुलामुलींची निवड रंगावरून करण्याची सोय काढून टाकली. शब्द गेले, पाहणाऱ्यांचे डोळे तेवढ्या लवकर बदलत नाहीत.

पुढे परिचयपत्र लिहिण्याची वेळ आली. आमचे अक्षर बरे म्हणून ते काम आमच्याकडे आले. त्यात 'वर्ण' असा रकाना होता. सूनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "निमगोरा लिहा." नात म्हणाली, "आबा, लिहावयाचाच असेल तर खरा लिहा. खोट्या रंगावर जे घर होकार देईल, त्या घरात मला रोज तो रंग सांभाळावा लागेल." आम्ही 'सावळा' असे लिहिले. ज्या घरात पहाटे सावळ्या विठ्ठलाचे अभंग म्हणतात, त्या घरात दुपारी हा शब्द लिहिताना हात अडखळू नये, असे आम्हांस वाटले. द्रौपदीचे नाव कृष्णा होते. मेघदूतातील यक्षाने आपल्या पत्नीला श्यामा म्हटले. त्या शब्दाचा अर्थ ऐन तारुण्यातील स्त्री असा मल्लिनाथाने केला आहे. आमच्या भाषेत सावळेपणा हा उणेपणा कधी झाला, हे त्या रकान्यालाच विचारले पाहिजे.

पत्रे गेली आहेत. एका घरून उत्तर नाही. एका घरून पत्रिका मागविली आहे. पुढे काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही, आणि सूनबाईंची काळजी मिटली असेही म्हणवत नाही.

आपल्याकडे लग्नात हळद लावतात. आमच्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा रंग व गुण या प्रांती प्रसिद्धच आहेत. ती हळद गोऱ्या नवरीला लागते, सावळ्या नवरीला लागते, आणि नवरदेवालाही लागते. तिने कोणाचा वर्ण बदलत नाही, आणि तो बदलावा म्हणून ती कोणी लावीतही नाही. मांडवातील सर्वांना थोडा वेळ एकच तेज मिळावे, एवढाच तिचा हेतू. मुलींच्या डबीतील पुडीकडेही आम्ही याच दृष्टीने पाहतो. हौस असेल त्यांनी बेताने लावावी, नसेल त्यांनी लावू नये. परंतु ज्या घरात लग्नाची मुलगी किंवा मुलगा आहे, त्या घरातील वडील मंडळींनी एक काम आजच करावे : परिचयपत्रातील वर्णाचा रकाना खोडून तेथे शिक्षण, आवड आणि प्रकृती यांच्यासाठी दोन ओळी अधिक सोडाव्यात. त्यास कोणतीही डबी लागत नाही, लेखणी पुरते.