रिग्बी

आमच्या घरात एक रायफल होती आणि तिच्याबद्दल एक गोष्ट होती. रायफल कपाटात कुलूपबंद असायची, गोष्ट मात्र प्रत्येक ईदला बाहेर यायची. दादामियाँ, म्हणजे माझे आजोबा, जंगलाचे ठेके घ्यायचे. १९४७ साली एक इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना त्यांना आपली रायफल देऊन गेला. ती रिग्बी कंपनीची, जिम कॉर्बेटकडे होती तशी. अशा मोजक्याच निघाल्या, आज लाखात किंमत आहे, असं अब्बा सांगायचे. आम्ही ऐकायचो आणि शीरखुर्मा संपवायचो.

दोन वर्षांपूर्वी अब्बा गेले. परवानाधारक वारला की त्याचं हत्यार वारसांना घरात ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. आम्ही विक्रेत्याकडे जमा केलं. चाळिसावा झाल्यावर तरक्याच्या वाटणीचा विषय निघाला. थोडं असो की जास्त, वाटणी सगळ्याचीच करायची असा दंडक. घर, बँकेतले पैसे, अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात आम्हा दोघा भावांचे दोन-दोन आणि बहिणीचा एक, हे सगळं सरळ झालं. अडलं ते रायफलीपाशी. धाकटा म्हणाला, "परवाना मी माझ्या नावावर करून घेतो, भंगाराची काय किंमत धरायची?" बहीण म्हणाली, "इतकी वर्षं लाखाची होती ना? आता भंगार कशी झाली?"

तिचं बरोबर होतं. म्हणून मी शोध घ्यायला बसलो.

शिकलो ते असं. जुन्या रायफलीची किंमत तिच्या वयावर ठरत नाही. ती कोणी बनवली, किती बनवल्या, नंबर सगळ्या भागांवर एकच आहे का, नळीच्या आतले आटे शाबूत आहेत का, मूळ निळसर झिलई टिकली आहे का, हे पाहतात. हौसेनं नवी झिलई चढवली की संग्राहकाच्या दृष्टीनं मोल घटतं. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती कोणाच्या हातात होती याचा कागद. कॉर्बेटची .२७५ रिग्बी हेच सांगते. त्या बोअरच्या रायफली इतरही पुष्कळ शिकाऱ्यांकडे होत्या. पण चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली मारल्याबद्दल ती त्याला भेट मिळाली, तसा मजकूर असलेली चांदीची पट्टी तिच्या दस्त्यावर बसवली गेली, आणि पुढे ती त्याच्या पुस्तकांच्या प्रकाशकाकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे, जपून राहिली. २०१५ साली रिग्बी कंपनीनंच ती परत घेतली. लोखंड तेच, पट्टीमुळे मोल वेगळं.

एवढं वाचून मी विक्रेत्याकडे गेलो. त्यानं रायफल काढली, चिंधीनं पुसली, नळीवरची अक्षरं माझ्याकडे वळवली. इशापूर. बोअर .३१५.

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं समजावलं. इंग्रजांनी लष्कराचं .३०३ काडतूस खाजगी लोकांना बंद केलं होतं, म्हणून शिकारी बंदुकांना .३१५ सारखे वेगळे बोअर आले. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्यानं याच बोअरच्या रायफली काढल्या. त्या गावोगाव आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा राहिली, मग तिसरं विकायला निघालं. घेणाराही परवानेवालाच हवा. "नव्याच्या निम्मे आले तरी खूश व्हा," तो म्हणाला.

मग रिग्बी होती की नव्हती? अब्बा खोटं बोलणारे नव्हते. अम्मीच्या लोखंडी पेटीत दादामियाँचं जुनं लायसन्सचं पुस्तक सापडलं, १८७८ च्या कायद्याखालचं. एका पानावर .२७५ ची नोंद होती. त्यावर तिरकी रेघ, आणि बाजूला विकल्याची नोंद, साल १९६१. इशापूरची रायफल १९६६ ची. ती नव्या पुस्तकात आहे, दिंडोरीकडच्या शेतातल्या रानडुकरांसाठी.

१९६१ साली काय झालं, हे सांगणारं एकच माणूस उरलं होतं. फुफी मालेगावला असते, पंचाहत्तरी उलटलेली. मी पानाचा फोटो दाखवला. तिनं चष्मा चढवला आणि हसली.

"बाराशे रुपये आले होते, बेटा. तुझ्या अब्बाला पुण्याला शिकायला पाठवायचं होतं. त्याच वर्षी मला सातवीतून काढलं. दादामियाँ म्हणाले, एकच रायफल होती, दुसरी कुठून आणू?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सवय होती. अब्बा तिच्यासमोर ती गोष्ट कधी सांगायचे नाहीत, हे मला तेव्हा उमगलं. विकलेल्या रिग्बीला त्यांनी उभा जन्म घरात ठेवलं होतं. कशासाठी, हे विचारायला आता ते नाहीत.

परतीच्या बसमध्ये, चांदवडच्या आसपास, आणखी एक गोष्ट लक्षात आली. इशापूरची रायफलही अब्बांची नव्हतीच. ती दादामियाँची. ते १९७९ साली गेले, तेव्हा परवाना अब्बांच्या नावावर झाला आणि रायफलही त्यांचीच धरली गेली. परवाना एकाच्या नावावर होतो, पण वारसा सगळ्यांचा असतो. दादीही गेल्यावर हिशेब सरळ आहे, दोन हिस्से अब्बांचे, एक फुफीचा. चव्वेचाळीस वर्षांत तिला कोणी विचारलं नव्हतं. आणि प्रश्न फक्त रायफलीचा नव्हता. दिंडोरीचं शेत विकलं, तेव्हा तिची फक्त सही घेतली होती.

घरी हे सांगितल्यावर धाकटा गप्प झाला. मग म्हणाला, "शेताचंही काढायचं?" अम्मी म्हणाली, "काढा. मी असेपर्यंत काढा."

रायफल विकली. जी रक्कम आली तिचा तिसरा हिस्सा घेऊन मी आणि बहीण मालेगावला गेलो. मनात धाकधूक होती की फुफी म्हणेल, राहू दे रे, मला काय करायचं. आपल्याकडच्या बायका तसंच म्हणतात आणि आपल्याला तेच ऐकायचं असतं.

फुफीनं पाकीट घेतलं, नोटा दोनदा मोजल्या.

"हक्काचं आहे, नको का म्हणू?" ती म्हणाली. "शेताचं कधी आणताय?"

शेताच्या विक्रीचे कागद आता टेबलावर आहेत. तिथे एक रेघ मारून चालणार नाही.