विसावा आणि मुक्काम

किशोरवयीन मुलामुलींना गटाने सायकलवरून लांब पल्ल्याच्या सफरीला नेणे हे काम क्रीडाप्रकारात मोडते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु ज्यांनी ते काही वर्षे सातत्याने केले आहे त्यांच्या लेखी ही विद्या मुख्यतः थांबण्याची आहे. तेरा ते सतरा या वयातील मूल दिवसाला ५०-६० किलोमीटर सायकल चालवू शकेल का, हा प्रश्न मुळात फारसा अवघड नाही, कारण सायकल मापाची असेल, चाकांत हवा नीट असेल आणि महिना-दीड महिन्याचा सराव झालेला असेल तर बहुतेक मुले तेवढे अंतर हसतखेळत पार करतात. अवघड असते ते अशी पंधरा-वीस मुले एकाच रस्त्याने, एकाच दिवशी, कोणालाही मागे न टाकता आणि कोणाचाही जीव मेटाकुटीला न आणता मुक्कामी पोहोचवणे.

नाशिकमध्ये सायकलची दोन घराणी नांदतात, असे म्हणायला हरकत नाही. त्यांतले पहिले घड्याळाचे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत अशी आहे की तिच्यात घड्याळ एकदा सुरू झाले की शेवटपर्यंत थांबत नाही आणि झोपेचे तासही शर्यतीच्या वेळेतच धरले जातात. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी ती २०१५ साली दोघांच्या संघगटातून ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ या नाशिकच्या लष्करी डॉक्टरांनी ती एकट्याने ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पार केली, आणि एकेरी गटात ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. दुसरे घराणे दिंडीचे. पोलीस अधिकारी हरीश बैजल यांच्या पुढाकाराने २०१२ साली सुरू झालेली नाशिक-पंढरपूर सायकलवारी सिन्नर, अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर), करमाळा आणि टेंभुर्णी या वाटेने सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे अंतर तीन दिवसांत कापते. त्र्यंबकेश्वरहून पायी निघणाऱ्या संत निवृत्तिनाथांच्या पालखीला पंढरपूर गाठायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. शहरातली मुले सायकलकडे वळतात ती बहुधा पहिल्या घराण्याच्या ओढीने, आणि त्यात वावगे काही नाही. सफर मात्र दुसऱ्या घराण्याच्या रीतीनेच तडीस जाते.

ही रीत समजून घ्यायची तर वारीच्या परिभाषेतले दोन शब्द आधी वेगळे करावे लागतात. ‘मुक्काम’ म्हणजे रात्रीचा थांबा, जिथे जेवण, कीर्तन आणि झोप होते. ‘विसावा’ म्हणजे वाटेतला थोडक्यातला थांबा, जिथे पालखी खाली टेकते, पाणी-चहा होतो आणि लगेच पुढची हाक येते. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मधोमध मृदंग, मागे विणेकरी अशी प्रत्येकाची जागा ठरलेली असल्यामुळे हजारोंचा समुदाय चालत असूनही तो विस्कटत नाही, आणि चोपदाराने चोप वर केला की क्षणात टाळ थांबतात. सायकलच्या गटातही हेच साधायचे असते. फरक इतकाच की सायकलस्वारांतले अंतर पायी चालणाऱ्यांच्या पाच-सहा पट वेगाने वाढते, आणि सपाट रस्त्यावर पुढच्या दोन मुलांना चढलेला जोर अर्ध्या तासात गटाला दोन-तीन किलोमीटर लांब ताणून ठेवतो.

गटातल्या जागांना सायकलस्वारांच्या बोलीत इंग्रजी नावे रुळली आहेत: सर्वांत पुढचा तो ‘लीड’, सर्वांत मागचा तो ‘स्वीप’, आणि वळणावर किंवा फाट्यावर उभा राहून मुलांना वाट दाखवणारा तो ‘मार्शल’. नवख्या आयोजकाला वाटते की सर्वांत तगड्या स्वाराने पुढे असावे. अनुभव याच्या नेमका उलट आहे. पुढे असावा तो मध्यम ताकदीचा, ज्याला स्वतःलाच धाप लागते आणि म्हणून जो वेग आवरतो. सर्वांत कसलेला, हाताने चाक खोलणारा, रडक्या मुलाशी बोलू शकणारा स्वार शेवटी हवा, कारण सफरीतल्या सगळ्या घटना शेवटच्या सायकलीजवळ घडतात. गट आठ-दहा जणांहून मोठा झाला तर त्याच्या तुकड्या पाडाव्यात आणि दोन तुकड्यांत दोनशे-तीनशे मीटरची मोकळी जागा ठेवावी, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला एका दमात वीस सायकली ओलांडण्याचा मोह होत नाही.

विसाव्याचे गणित मात्र यापेक्षा नाजूक आहे आणि बहुतेक सफरी तिथेच बिघडतात. समजा, गटाने पंधरा किलोमीटरवर दहा मिनिटांचा थांबा ठरवला. पहिला मुलगा तिथे आठ वाजता पोहोचतो, झाडाखाली पाय पसरतो, दोन केळी खातो, मोबाइल काढतो; शेवटची मुलगी आठ वाजून आठ मिनिटांनी येते, तिने सायकल स्टँडवर लावेपर्यंत पुढची मुले कंटाळून हेल्मेट घालू लागलेली असतात, आणि दोनच मिनिटांत ‘चला’ अशी हाक येते. ज्याला विश्रांतीची सर्वांत कमी गरज त्याला ती सर्वांत जास्त, आणि जिला सर्वांत जास्त गरज तिला सर्वांत कमी, असा हा हिशेब असतो. पुढच्या थांब्याला ती आणखी उशिरा येते, दुपारपर्यंत तिचा समज होतो की आपल्याला सायकल जमत नाही, आणि सोबतच्यांचाही. वस्तुतः तिला सायकल उत्तम जमत असते. तिला फक्त कोणी विसावा दिलेला नसतो. म्हणून जाणते गटप्रमुख विसाव्याचे घड्याळ स्वीप टेकल्यावर सुरू करतात, आणि आधी आलेल्या मुलांना काम देतात: पाण्याच्या बाटल्या भरणे, गूळ-शेंगदाणे वाटणे, मागून येणाऱ्याची सायकल हातात घेणे. विसावाही ते दहा-बारा मिनिटांपेक्षा लांबवत नाहीत, कारण त्यानंतर पाय गार पडतात आणि पुन्हा पॅडल मारायला घेताना जड वाटतात.

खाण्याच्या बाबतीत नाशिककराला एक गोष्ट सांगावीच लागते, आणि ती त्याला रुचत नाही. रविवारच्या सकाळी सायकल काढायची ती मिसळीसाठी, हा या शहराचा अलिखित नियम आहे आणि त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु मिसळ ही फेरी संपल्यावरची गोष्ट आहे. तर्रीचा लाल तवंग पोटात घेऊन चढ चढायला निघालेले चौदा वर्षांचे मूल पाचव्या किलोमीटरवर कसे दिसते, हे ज्याने पाहिले आहे तो पुन्हा वाटेत मिसळीसाठी थांबत नाही.

दिशा ठरवण्यात वाऱ्याचा विचार करावा लागतो, आणि नकाशा पाहून बेत आखणाऱ्यांच्या तो सहसा लक्षात येत नाही. पावसाळ्यात नाशिकवर पश्चिमेचा वारा वाहतो. सायकलच्या वेगाबरोबर हवेचा विरोध त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो, आणि समोरून येणारा वारा हा सायकलस्वाराने न कमावलेला पण सोसावा लागणारा वेगच असतो. जुलै महिन्यात पूर्वेला निफाडकडे निघालेला गट वारा पाठीशी घेऊन भराभर जातो, स्वतःच्या ताकदीवर खूश होतो, आणि परतीला दमलेल्या पायांनी तोच वारा छातीवर घेतो. याउलट पश्चिमेला त्र्यंबकेश्वरकडे, सुमारे २८ किलोमीटर, जाताना कष्ट आधी होतात, चढही जातानाच लागतो, आणि परतीला वारा व उतार दोन्ही मदतीला येतात. मुलांना हे तत्त्व समजावून सांगत बसू नये. त्यांना सकाळी त्र्यंबकला न्यावे आणि दुपारी परत आणावे.

घाटाची परीक्षा नांदुरी ते सप्तशृंगगड या रस्त्यावर होते. दिंडोरी-वणीमार्गे नाशिकहून गड सुमारे ६० किलोमीटर आहे आणि शेवटचे दहाएक किलोमीटर सलग चढाचे, वळणांचे आहेत. इथे मुले हमखास एक चूक करतात: चढ लागल्यावर, पाय अडल्यावर, मग गिअर बदलतात, आणि ताणलेली साखळी कडकड आवाज करत उतरते. गिअर चढाच्या आधी हलका करायचा असतो, पॅडलवरचा जोर क्षणभर सोडून. जड गिअर रेटत राहण्याचे दुसरे दुष्परिणाम गुडघ्याला भोगावे लागतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, वाढपट्टी असते, आणि मांडीचा बळकट स्नायू गुडघ्याखाली जिथे नडगीला जोडलेला असतो तिथली जागा या वयात ओढीला लवकर दुखावते. म्हणून पाय हलके व भराभर फिरवणे ही या वयात शरीराची गरज आहे. सीटची उंचीही याच कारणाने तपासावी: टाच पॅडलवर ठेवून पॅडल खाली नेले असता पाय सरळ व्हावा. मुले सहा महिन्यांत दोन बोटे वाढतात. सीट मात्र दुकानदाराने बसवली तिथेच असते. गडावरून उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत, दाबावेत आणि सोडावेत, आणि दोन सायकलींत इतके अंतर ठेवावे की पुढचा पडला तर मागच्याला थांबता येईल. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत हा घाट मुलांच्या गटासाठी नाहीच.

एक कौशल्य असे आहे की ते आले म्हणजे मूल प्रवासी झाले असे समजावे, आणि ते म्हणजे पंक्चर काढणे. रस्त्याच्या कडेला वेड्या बाभळीचे काटे विखुरलेले असतात, आणि ते टायरमधून आरपार जातात. चाक काढले, टायर रिमवरून उचकला, ट्यूब बाहेर घेतली, तिच्यात हवा भरून ती गालाजवळ फिरवली की सूक्ष्म झुळूक लागते, किंवा हाताशी पाणी असेल तर बुडबुडा दिसतो. ती जागा काचकागदाने घासायची, सोल्यूशन पातळ लावायचे, ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मग पॅच दाबायचा. इथपर्यंत सर्व मुले बरोबर करतात. त्यानंतर टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोधायचा असतो, आणि नेमके तेच राहून जाते, कारण छिद्र सापडल्याच्या आनंदात ज्याने छिद्र पाडले त्याचा विसर पडतो. दोन किलोमीटरवर तीच ट्यूब पुन्हा बसते. दुसऱ्यांदा चाक खोलणाऱ्या मुलाला कोणी काही बोलू नये. तो आयुष्यात पुन्हा काटा विसरत नाही.

गटाच्या मागे गाडी असावी की नसावी यावर आयोजकांत मतभेद आहेत. पालकांना ती हवी असते, आणि अपघात किंवा आजारपण यांसाठी ती असलीच पाहिजे. पण ती शेवटच्या सायकलीच्या मागे डोळ्यांना दिसेल अशी रांगू लागली की दमलेल्या मुलाच्या मनात पुढचा चढ आणि मागची गाडी यांची तुलना सुरू होते, आणि गाडीच जिंकते. गाडी पुढच्या विसाव्यावर उभी असावी आणि फोनवर पंधरा मिनिटांत येऊ शकावी, हेच योग्य. मुलींच्या दृष्टीने विसाव्याची जागा निवडताना सावलीच्याही आधी स्वच्छतागृह पाहावे लागते. पेट्रोलपंप, शाळा, देवस्थानाचे भक्तनिवास यांची यादी आदल्या आठवड्यात स्वतः त्या रस्त्याने जाऊन केलेली असावी, कारण ही अडचण मुली बोलून दाखवत नाहीत, पाणी पिणे तेवढे कमी करतात.

मुक्कामाचे मोल मराठी माणसाला बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानाने १९८५ साली दाखवून दिले होते. डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने निघालेले शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होते आणि पाठीच्या विकारामुळे बसू न शकणारे बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्याबरोबर होते. स्वतः सायकलवर बसू न शकणाऱ्या माणसाने चालवलेली ही सायकलयात्रा वाटेतल्या गावांशी बोलण्यासाठी होती, आणि किलोमीटर त्या बोलण्याच्या मागे आले. मुलांच्या सफरीतही संध्याकाळी चारच्या आत मुक्कामी पोहोचणे याच कारणासाठी आवश्यक आहे. उजेडात पोहोचलेली मुले गावातल्या मुलांशी क्रिकेट खेळतात, भाकरी थापणाऱ्या बाईंशी बोलतात, साखळी पुसून तेल घालतात. अंधारात पोहोचलेली मुले जेवतात आणि झोपतात. हिवाळ्यात तर अंधाराचा धोका दुहेरी, कारण उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या अनेकदा मागे दिवा नसतानाच रस्त्यावर असतात.

नाशिकच्या शाळांनी यंदाच्या सहलींचा बेत आखताना एक बस कमी करून आठवी-नववीच्या आठ-दहा मुलामुलींची एक तुकडी सायकलवरून नांदूरमध्यमेश्वरला न्यावी. गोदावरी-कादवेच्या संगमावरचे हे पाणथळ २०२० साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, महाराष्ट्रातून सर्वप्रथम दाखल झाले. नाशिकहून ते सुमारे ४० किलोमीटर आहे, रस्ता जवळजवळ सपाट आहे, आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला, वारकरी याच नावाने ओळखला जाणारा काळा पाणपक्षी हिवाळाभर तिथे थव्याने असतो.