पंचनाम्यात न लिहिलेलं नुकसान

मार्चमध्ये आमच्या तात्यांच्या, म्हणजे चुलत्यांच्या, काजूच्या बागेत टस्कर शिरला. केळी पाडल्या, पाण्याची पाईप तुडवली, काजूची चार झाडं मोडली. पंचनामा झाला, फोटो काढले, सह्या झाल्या. त्या रात्री तात्या खोपीत झोपलेले होते आणि हत्ती दहा हातांवर उभा होता. हे मात्र कुठल्या रकान्यात बसत नव्हतं.

त्यानंतर तात्या रात्री दार उघडं टाकून उंबऱ्यावर बसायचे. पत्र्यावर फांदी घासली तरी दचकायचे. बागेकडची वाटच सोडली. कुणी म्हणालं, बाहेरचं काहीतरी लागलंय, नारळ उतरून टाका. तोही टाकला. "खातंय-पितंय की, मग झालंय काय?" असं विचारणारेही होतेच.

मला ते बघून कसंतरीच झालं, कारण हे सगळं माझं होऊन गेलेलं.

चार वर्षांपूर्वी आंबोली रस्त्यावर पावसात आमची मोटारसायकल घसरली. गाडी मी चालवत होतो. मागं बसलेला मित्र गेला. मला सहा टाके. ते पंधरा दिवसांत सुटले आणि गावाच्या लेखी मी बरा झालो. "थोडक्यात वाचलास गड्या" हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की माणसं टाळायला लागलो. ट्रकचा हॉर्न वाजला की हात ओले व्हायचे. मित्राच्या आईसमोर जायला वर्ष लागलं.

शेवटी बायकोनं जबरदस्तीनं कोल्हापूरला डॉक्टरकडं नेलं. याला पीटीएसडी म्हणतात, हे तिथं कळलं. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल बघून १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी हे नाव आपल्या यादीत घेतलं. पण त्याला युद्धच लागतं असं नाही. १९९३ ला किल्लारीच्या भूकंपानंतर लोक घरात झोपायला धजत नव्हते. आमची एक पाहुणी शिरोळ तालुक्यात असते. २०१९ च्या महापुरापासून, राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं सरकली की ती रेशनकार्ड, आधार, पोरांचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उशाला घेते. ही सावधगिरी, की अजून न उतरलेला पूर? दोन्ही असावं. आपल्या भागात तर घरटी फौजी. फटाके सुरू झाले की उठून आत जाणारा निवृत्त जवान तुमच्याही गल्लीत असेल.

बरं होणं म्हणजे विसरणं नव्हे. मला आधी सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलायला लावलं, पुन्हा पुन्हा. मग नुसतं उभ्या गाडीवर बसायचं. मग वेशीपर्यंत. मग दिवसाउजेडी, भावाला मागं घेऊन, त्या वळणापर्यंत. सोबत थोडे दिवस गोळ्या. आठ महिने गेले. अजूनही पावसात तिथं वेग आपोआप कमी होतो, आणि ते बरंच आहे.

बऱ्याच जणांची भीती आपसूक ओसरते. महिना उलटूनही झोप नसेल, तीच दृश्यं येत असतील, तर मात्र दाखवायलाच हवं. कोल्हापूर लांब वाटत असेल तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतून बोलता येतं. आणि माझी एक मागणी आहे. पंचनाम्यानंतर महिन्याभरानं आशाताईंनी त्या घरी जाऊन एवढंच विचारावं: झोप लागते का? त्या जागेवर परत गेलात का? मात्र या जादा कामाचे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत, नाहीतर नको.

तात्यांना मी आधी बांधापर्यंत नेलं, मग खोपीपर्यंत, दुपारचं. रात्री ते राहत नाहीत, मी आग्रहही करत नाही. हत्ती खराच आहे, आणि तो परत येणार. परवा खोपीत चहा पिताना पहिल्यांदाच त्या रात्रीचं सगळं बोलले. सोंडेला केळीचं फाटकं पान चिकटलं होतं म्हणे, आणि तो ते झटकत उभा होता, बराच वेळ.