दोऱ्याचे पैसे

आमच्याकडे केर काढला की सुपलीत मणी निघतात. सोफ्याखालून, पायपुसण्याच्या दशांतून, मध्यंतरी तर फ्रीजच्या मागून पोवळ्याच्या रंगाचे चांगले मूठभर निघाले. नवरा ते एका वाटीत साठवतो आणि वाटी भरली की “घे, तुझं व्याज” म्हणून पुढ्यात ठेवतो. त्यातले अकरा नंबरचे वेचायला मला चष्म्यावर भिंग लागतं. या मण्यांचं सगळंच उलटं. नंबर वाढेल तसा मणी लहान होत जातो. अकरा नंबरचा जेमतेम २ मिलिमीटरचा, एका ग्रॅममध्ये शंभराच्या वर बसतात. पंधरा नंबरच्या मण्यांची पुडी मी पंखा बंद केल्याशिवाय उघडत नाही.

हे सगळं येतं बोहरी आळीतून. पुण्याच्या रविवार पेठेतली ही आळी ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांनी दुपारी जेवून, रिकामी पिशवी आणि मोजकेच पैसे घेऊन जावं. दुकानं अरुंद. छतापासून लडी लोंबतात, मागे मजल्यावर मजले रचावेत तसे डबे. “ताई, जपानी दाखवू की चेक?” असं दुकानदार विचारतो तेव्हा मला उगाचच मोठ्या बाजारपेठेत उभं असल्यासारखं वाटतं. जपानी मणी हिरोशिमाकडच्या कारखान्यांतले, एकाच मापाचे, शिस्तीचे, विणकामाला उत्तम. चेक मणी बोहेमियातल्या याब्लोनेत्स गावच्या परंपरेतले, पैलूदार, उजेडात धरले की आतून पेटणारे. आणि आपले देशी. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला घरोघरी काचेचे मणी होतात. आंध्रातल्या पापानायडुपेटा गावात तर काचेची लांब पोकळ नळी ओढायची, तिचे तुकडे करायचे आणि राखेत घालून पुन्हा तापवून त्यांच्या कडा गोल करायच्या, ही दोनेक हजार वर्षांची जुनी रीत विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. देशी मणी एकसारखे नसतात. कुणी ठेंगणा, कुणी पोटाळ, एखाद्याचं भोकच तिरपं. निवडायला वेळ जातो, पण साध्या सरात तेच जास्त शोभतात असं माझं ठाम मत आहे. एकसारख्या मण्यांचा सर गळ्यात घातला की यंत्रातून आल्यासारखा दिसतो, आणि तसाच हवा असेल तर तुळशीबाग जवळच आहे.

माझा खरा जीव मात्र मोत्यांत. तन्मणी, चिंचपेटी, बुगडी, नथ. खरे म्हणजे बसऱ्याचे मोती आता आजीच्या डबीतच बघायचे. जपानात मिकिमोतोने १८९३ मध्ये शिंपल्यात मोती वाढवून दाखवला आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत आखातातल्या पाणबुड्यांचा धंदा बसला. आज आमच्या हातात येतात ते बहुतेक चीनच्या गोड्या पाण्यातले, हैदराबादमार्गे आलेले. गिऱ्हाइकांना ते पुरे खरे वाटत नाहीत. प्रदर्शनात एखाद्या आजी सराचा शेवटचा मोती बेधडक दातावर घासून बघतात. करकरला तर खरा, गुळगुळीत लागला तर काचेचा. परीक्षा चोख आहे, फक्त नंतर तो सर मला पुसून ठेवावा लागतो.

मोती गाठवायचे म्हणजे प्रत्येक मोत्यामागे एक गाठ. रेशमाचा दोरा दुहेरी घ्यायचा. मोती ओवून खाली सोडायचा, दोऱ्याचा सैल फास करायचा आणि त्या फासातून सबंध सर काढून घ्यायचा. मग फासात दुसरी सुई अडकवून तो सरकवत सरकवत मोत्याच्या भोकापाशी आणायचा. तिथे टेकला की सुई काढायची आणि त्याच दमात दोरा ओढायचा. सुई किंचित आधी निघाली तर मोती आणि गाठ यांच्यामध्ये फट राहते. घालणारीला ती आयुष्यात दिसणार नाही. करणारीला लग्नाच्या हॉलमध्ये चार रांगा मागून दिसते. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि सर तुटलाच तर एखादाच मोती घरंगळतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. १६ इंची सरात ६ मिलिमीटरचे साठेक मोती बसतात. तीन सरांचा तन्मणी म्हणजे पावणेदोनशेच्या घरात गाठी. त्यात मध्ये खोड, म्हणजे तन्मण्याचं पदक, अडकवायचं, तिन्ही सर त्याच्या दोन्ही बाजूंना सारखे उतरले पाहिजेत. आतला आखूड, बाहेरचा किंचित लांब, नाहीतर गळ्यावर एकावर एक चढून बसतात.

ही गाठ मी शिकले लक्ष्मी रस्त्यावर, एका सराफी पेढीच्या पायरीवर बसणाऱ्या पटवेकऱ्याकडे बघून. शिकवलं असं नाही, तो बसू द्यायचा. त्याच्या पायाच्या अंगठ्याला दोरा बांधलेला असे, दोन्ही हात मोकळे. गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंत ताणलेल्या दोऱ्यावर त्याची बोटं अशी चालत की गाठ कधी पडली ते कळायचंच नाही, फक्त सर लांब होत गेलेला दिसे. बायका येऊन हळूच सांगत, “मंगळसूत्र वाढलंय हो,” आणि तो काही न विचारता हात पुढे करी. मोती हजारांचे असोत नाहीतर काळी पोत असो, त्याची मजुरी गाठीवर ठरे. मोत्याच्या किमतीशी त्याला देणंघेणं नव्हतं. कुणी घासाघीस केली तर तो दोरा अंगठ्यावरून सोडवून ठेवत असे. बोलत नसे. बाई मुकाट्याने पैसे काढत.

ओवण्याचं हे काम फार जुनं. नेवाशाला १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी उत्खनन केलं तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली, आणि त्या मण्यांत दोऱ्याचे धागे शिल्लक होते. एरवी दोरा मातीत उरत नाही. तांब्याला गंज चढला आणि त्या गंजाने धागा धरून ठेवला. मी हे वाचलं तेव्हा मण्यांपेक्षा त्या दोऱ्यापाशीच घुटमळले. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी बसून, उजेड बघून, ते मणी ओवले होते. संग्रहालयात मण्यांच्या माळा नव्या दोऱ्यात ओवून मांडतात. ते बरोबरच आहे, नाहीतर मांडणार कशा?

आता पैशांचं. बाकी सगळं सुखाचं आहे, अवघड आहे ते हे. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दिवाळीआधी प्रदर्शन भरतं. भाजणीची चकली, पणत्या, कुर्ते, आणि एका टेबलावर मी. येणारी बाई आधी पाठ करून आलेला प्रश्न टाकते. “मोती तर पाकिटात इतक्याला मिळतात, मग सराचे एवढे कसे?” आणि मी काही बोलायच्या आत तिची मैत्रीण माझ्या वतीने उत्तर देते, “अगं, काकूंचा छंद आहे. त्यांना काय मजुरी लावायचीय!” हे ती कौतुकाने म्हणते, हीच पंचाईत.

कारण शेजारच्या टेबलावर दुसऱ्या एक ताई खरंच मजुरी लावत नाहीत. मालाच्या किमतीत देऊन टाकतात. “वेळ जातो हो, तेवढंच पुरे.” त्यांचा वेळ जातो, ठीक. पण आमच्या गल्लीच्या टोकाला एक जण राहते, ती एका व्यापाऱ्यासाठी डझनावर दागिने ओवते. पोरं शाळेत गेली की दारात चटई टाकून, खिडकीच्या उजेडात. ती मला सांगत होती की व्यापारी हल्ली भाव वाढवायचं नाव काढलं की म्हणतो, सोसायटीतल्या बायका याहून स्वस्तात देतात. सोसायटीतल्या बायका म्हणजे आम्ही. आमच्या हौसेला पोटापाण्याची ओढ नाही म्हणून आम्ही भाव पाडायचा, आणि तो तिच्या डझनातून कापला जायचा. हौस जरूर करावी. नातीला, भाचीला, मैत्रिणीला फुकट द्यावं, कौतुकाने द्यावं. पण टेबल मांडून विकायला बसलो की पटवेकऱ्यासारखं बसावं, असं माझं म्हणणं आहे. ते मी त्या ताईंना सांगितलंही. त्या आठवडाभर लिफ्टमध्ये बोलल्या नाहीत.

म्हणून माझ्या चिठ्ठीवर दोन ओळी असतात. माल इतका. गाठवणं इतकं. खाली बेरीज. पहिल्यांदा बघणाऱ्याला दुसरी ओळ उद्धट वाटते. मोत्यांच्या रकमेवर कुणी बोलत नाही, बोट नेमकं दुसऱ्या ओळीवर जाऊन थांबतं. काही जणी चिठ्ठी परत ठेवून शेजारच्या टेबलाकडे जातात. जाऊ देत. एकदा एका काकांनी गाठी मोजून बघितल्या होत्या, पन्नासपर्यंत पोचले आणि बायकोला म्हणाले, “घेऊन टाक, माझे डोळे दुखायला लागले.”

परवा एक मुलगी आली होती. मार्गशीर्षात लग्न, नऊवारीवर घालायला तीन सरांचा तन्मणी हवा. नमुना हातात घेऊन तिने चिठ्ठी वाचली, फोनवर हिशेब केला, पुन्हा वाचली. मला वाटलं, आता पाकिटांचा भाव निघणार.

“काकू, तीन सर नाही परवडणार. दोनच करा. पण गाठी सगळ्या मोत्यांमागे हव्यात हां, मधल्या गाळू नका.”

मी तिच्या गळ्याचं माप घेतलं.