खिडकीशी बसलेले मूल

मुलांच्या छायाचित्रांत बहुधा मूल सोडून सारे काही असते: इस्त्रीचा फ्रॉक, मागचा रंगीत पडदा आणि ‘हस बघू’ या हुकमासरशी दाखवलेले दात.

कलकत्त्यात जन्मलेल्या जुलिया मार्गारेट कॅमेरॉनला १८६३ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, लेकीजावयाने कॅमेरा भेट दिला. १८६४च्या जानेवारीत तिने ॲनी नावाच्या मुलीचे छायाचित्र टिपले. आपले पहिले यश, असे ती त्याला म्हणे. ॲनी कॅमेऱ्याकडे पाहत नाही, हसतही नाही. ओल्या कोलोडियनच्या काचेसमोर बराच वेळ निश्चल राहावे लागे, आणि हसू तितका वेळ टिकत नाही. पण हे झाले तंत्राचे कारण. या मुलीच्या मनात तिचे स्वतःचे काही चालले आहे, हे मान्य करणारी नजर त्यामागे आहे, असे आम्हांस वाटते.

आम्ही भाचरांची छायाचित्रे काढताना फ्लॅश वापरत नाही, ट्यूबलाइटही मालवतो. समोरून आलेला प्रकाश चेहरा सपाट करतो. मुलाला खिडकीच्या कडेला, थेट ऊन येणार नाही असे बसवावे. सावलीतल्या गालासाठी पलीकडे पांढरी चादर टांगावी. खिडकीचा चौकोन बुबुळांत उतरला की डोळे जिवंत होतात. आपण गुडघे टेकावेत (वरून पाहिले की मूल बुटके आणि बिचारे दिसते), त्याच्या हातांना काही काम द्यावे; ‘पोझ’ आपोआप येते.

मटार सोलणाऱ्या भाचीचे आम्ही काढलेले एक छायाचित्र तिची आई भिंतीवर लावू देत नाही. ‘रडवेली दिसते,’ म्हणते. आमच्या मते ती शेंगा मोजते आहे.